सोडतीत निघालेला माणूस

१२ मे २०२५ ला शिकागोतल्या एका बंद खोलीत पिंगपाँगचे चौदा चेंडू यंत्रात घुसळले गेले आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सची लॉटरी लागली. तीनच महिन्यांपूर्वी याच संघाने लुका डॉन्चिच हा आपला पंचविशीतला हुकमी एक्का लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला होता. का दिला, हे डॅलसकरांना काही केल्या पटत नव्हतं. स्टेडियममध्ये व्यवस्थापकाला हाकला म्हणून घोषणा सुरू होत्या. नव्या खेळाडूंमधून सगळ्यात आधी नाव उचलण्याचा, म्हणजे पहिला क्रमांक लागण्याची या संघाची शक्यता शंभरात दोनही नव्हती, नेमकी १.८ टक्के होती. तरी तो लागला. म्हणजे ड्यूक विद्यापीठाकडून खेळणारा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. त्याच हंगामात ८२ पैकी ६५ सामने हरलेला, गुणतक्त्यात सगळ्यात तळाचा युटा जॅझ पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला.

आपल्याकडे तेव्हा पहाट होती. उठून हे पाहणाऱ्या मोजक्या वेड्यांपैकी मी एक. पुढे दिवसभर जिकडेतिकडे एकच चर्चा होती, सोडत खरी होती की आधीच ठरलेली. डॉन्चिच गमावल्याची भरपाई म्हणून लीगनेच फ्लॅग डॅलसला पोचवला, असं म्हणणारे कमी नव्हते. मला हा वाद गौण वाटतो. सोडत शंभर टक्के प्रामाणिक होती असं धरून चालू. तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो फारसा कुणी विचारत नाही: अठरा वर्षांच्या एका मुलाने पुढची निदान पाच वर्षं कुठल्या शहरात, कुणाच्या हाताखाली काम करायचं, हे चेंडूंनी का ठरवावं?

एनबीएचा ड्राफ्ट आयपीएलच्या लिलावासारखा असेल असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तो तसा नाही. लिलावात एका खेळाडूवर दहा जण बोली लावू शकतात. ड्राफ्टमध्ये बोली नसतेच. दर जूनमध्ये तीस संघ रांगेत उभे राहतात आणि एकेक करून नव्या खेळाडूंमधून एकेक नाव उचलतात. दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. ज्या संघाने नाव उचललं, त्या संघाशिवाय दुसऱ्या कुणाशीही त्या खेळाडूला बोलणी करता येत नाहीत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार क्रमांकानुसार आधीच छापलेल्या तक्त्यावरून ठरतो, थोडा वर-खाली. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाची मर्जी असेल तर. चार वर्षांनंतर दुसऱ्या संघाने मोठी रक्कम देऊ केली, तरी जुना संघ तेवढीच रक्कम मोजून त्याला अडवू शकतो. खऱ्या अर्थाने मोकळं व्हायला किमान पाच वर्षं जातात, आणि मध्ये लांब मुदतीचा करार केला तर आठ-नऊ. बास्केटबॉलपटूची सगळी उमेद ज्या वर्षांत असते, तीच ही वर्षं.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ज्यांचं घर गेलंय त्यांना एका वाक्यात सांगता येईल. तिथे पसंतीक्रम विद्यार्थी भरतो आणि ज्याला जास्त गुण त्याची पसंती आधी पाहिली जाते. ड्राफ्टमध्ये पसंतीक्रम कॉलेज भरतं, ज्या कॉलेजचा निकाल सगळ्यात खराब ते आधी भरतं, आणि बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीला तिचा अर्ज दिलाच जात नाही.

हा प्रकार बास्केटबॉलमध्ये जन्मला नाही. १९३५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक बर्ट बेल वैतागला होता. चांगला खेळाडू दिसला की तो जास्त पैसे देणाऱ्या संघाकडे जाई आणि ईगल्स हात चोळत बसे. बेलने इतर मालकांना पटवलं की हरणाऱ्या संघाला आधी निवडू द्या, म्हणजे चुरस वाढेल. त्या वर्षी तळाला कोण होतं? ईगल्स. १९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव बेलने उचललं, शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर. त्याने मागितलेला पगार ना ईगल्सने दिला, ना त्याचे हक्क पुढे विकत घेणाऱ्या शिकागो बेअर्सने. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता फोम रबर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. ड्राफ्टच्या इतिहासात निवडलेल्या पहिल्याच माणसाने नकार दिला, ही गोष्ट मालकांनी जरा मनावर घ्यायला हवी होती. घेतली नाही. बास्केटबॉलमध्ये १९४७ पासून हीच पद्धत सुरू झाली.

तळाच्याला आधी संधी, हे ऐकायला इतकं न्याय्य वाटतं की माणूस पुढे विचारच करत नाही. पण हरण्याला बक्षीस ठेवलं की लोक हरायला लागतात. एनबीएचा गेल्या साठ वर्षांचा नियमांचा इतिहास म्हणजे या एका साध्या सत्यावर लावलेली ठिगळं आहेत. १९६६ पासून दोन गटांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणं उडवलं जाऊ लागलं. १९६९ मध्ये फीनिक्सने छापा मागितला, काटा पडला, आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून गाजलेला खेळाडू मिलवॉकीला गेला. १९८४ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स हंगामाच्या शेवटी मुद्दाम हरत असल्याचा बोभाटा झाला. त्यांना नाणेफेकीत यश मिळालं आणि हकीम ओलाजुवन मिळाला. बदनामी झाली म्हणून १९८५ मध्ये लॉटरी आली. बाद फेरी न गाठलेल्या सात संघांची नावं सात पाकिटांत घातली, पारदर्शक पिंपात फिरवली आणि उचलली. पॅट्रिक एविंग न्यूयॉर्कला गेला. न्यूयॉर्कचं पाकीट आधी फ्रीजरमध्ये ठेवून गार केलं होतं म्हणजे हाताला कळेल, ही दंतकथा चाळीस वर्षांनंतरही अमेरिकेत चघळली जाते.

मग कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना सारखी संधी हेही बरोबर नाही. १९९० पासून तळाच्या संघाला जास्त चिठ्ठ्या मिळू लागल्या. १९९३ मध्ये ४१ सामने जिंकलेल्या, थोडक्यात बाद फेरी हुकलेल्या ऑर्लँडोला ६६ पैकी एका चिठ्ठीवर पहिला क्रमांक लागला. पुन्हा बोंब. १९९४ ला तळाच्या संघाची शक्यता २५ टक्क्यांवर नेली. त्याचं फळ वीस वर्षांनी फिलाडेल्फियात दिसलं. सॅम हिंकी या व्यवस्थापकाने २०१३ पासून उघडपणे हरण्याचा प्रकल्पच चालवला. चांगले खेळाडू विकायचे, भविष्यातल्या निवडींचे हक्क गोळा करायचे आणि तळाला राहायचं. तीन हंगामांत २४६ सामने खेळून संघ ४७ जिंकला. प्रेक्षक ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ अशा घोषणा देत होते, तिकीट काढून. लीगचीच शोभा व्हायला लागल्यावर २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के, शक्यता दिली गेली. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे डॅलसला लागलेले १.८ टक्के.

२०१९ च्या नियमांनी सोडत कशी काढतात ते बघण्यासारखं आहे, कारण त्या काटेकोरपणातच सगळी गंमत आहे. एक ते चौदा आकड्यांचे चेंडू, त्यातले चार बाहेर काढायचे. चार आकड्यांचे १,००१ संच होतात. त्यातले १,००० संच चौदा संघांत आधीच वाटलेले असतात, तळाच्या तिघांना प्रत्येकी १४० आणि चौदाव्याला अवघे पाच. उरलेला एक संच निघाला तर पुन्हा चेंडू फिरवायचे. खोलीत असणाऱ्यांचे मोबाइल काढून घेतात, हिशेब तपासणाऱ्या कंपनीची माणसं उभी असतात, आणि पुढचा चेंडू कधी काढायचा याची वेळ मोजणारा माणूस यंत्राकडे पाठ करून उभा राहतो. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो फक्त नंतरचा पाकिटं उघडण्याचा सोहळा. म्हाडाच्या सोडतीपासून वॉर्डांच्या आरक्षणापर्यंत सोडत आपल्या चांगल्या ओळखीची आहे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तेव्हा नगरसेवकही चिठ्ठीने ठरला होता. पण म्हाडाच्या सोडतीत घर निघतं. आणि चिठ्ठीने ठरलेला नगरसेवक आपण होऊन उभा राहिलेला असतो.

एवढं सगळं करून दुबळे संघ सबळ होतात का? या प्रश्नावर मी बरीच वर्षं ‘होतात की’ असं म्हणत असे. सॅन अँटोनिओ डोळ्यांसमोर असायचं. १९९७ मध्ये टिम डंकन मिळाला आणि त्या मध्यम आकाराच्या शहराने पुढे पाच विजेतेपदं पटकावली. उदाहरण खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. ओक्लाहोमा सिटीनेही दोन हंगाम तळाशी काढून चेट होल्मग्रेनला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं. पण त्या संघाचा कणा असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर २०१८ मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडलेला होता, तोही दुसऱ्या संघाने, आणि ओक्लाहोमाने त्याला अदलाबदलीत आणला. त्याच संघाचा जेलन विल्यम्स बारावा. डेन्व्हरला २०२३ चं विजेतेपद मिळवून देणारा निकोला योकिच एक्केचाळिसावा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. मिलवॉकीचा यानिस पंधरावा. म्हणजे लहान शहरांना मोठं केलं ते तळाला राहण्याने कमी आणि माणूस ओळखणाऱ्या नजरेने जास्त.

ज्यांना ती नजर नाही त्यांना ड्राफ्ट काय देतो, हे सॅक्रामेंटो किंग्जला विचारावं. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने संघ घेतला, २०१९ मध्ये ते तो इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळायला मुंबईत वरळीला घेऊनही आले, त्यामुळे मराठी माणसाचा या संघावर जरा लोभ आहे. माझाही. पण हाच संघ २००६ नंतर सलग सोळा हंगाम बाद फेरीत पोचला नाही, एवढा मोठा दुष्काळ लीगमध्ये दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. त्या सोळा वर्षांत ड्राफ्टच्या रांगेत तो जवळजवळ कायम पुढे होता. २०१८ मध्ये तर दुसरा क्रमांक हातात होता. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर निघालेला खेळाडू त्याच रात्री डॅलसला गेला. त्याचं नाव लुका डॉन्चिच.

रणदिव्यांनी या पद्धतीवर विचार केलाच नव्हता असं नाही. २०१४ मध्ये त्यांनी सुचवलं होतं की लॉटरी बंद करा, हंगामाच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्याच्या सुमाराला गुणतक्ता गोठवा आणि त्यावरून क्रम लावा, म्हणजे पुढे हरण्यात फायदा राहणार नाही. सूचना चलाख होती. मग हरणारे पहिल्या अर्ध्यात हरले असते, एवढंच.

डेट्रॉइटची कथा तर करुण आहे. २०२२-२३ मध्ये सगळ्यात खराब कामगिरी, क्रमांक मिळाला पाचवा. पुढच्या हंगामात सलग २८ सामने हरून विक्रम केला, पुन्हा सगळ्यात तळाला, पुन्हा पाचवा. आणि जे हक्क दुबळ्यांसाठी म्हणून ठेवले ते विकता येतात, ही तर वेगळीच मौज. १९८२ मध्ये लेकर्स विजेते झाले आणि त्याच महिन्यात ड्राफ्टमधलं पहिलं नावही त्यांनीच उचललं, जेम्स वर्दी. कारण क्लीव्हलंडने आपला त्या वर्षीचा हक्क १९८० मध्येच लेकर्सला देऊन टाकला होता. पुढे त्या संघाचा मालक झालेल्या टेड स्टेपियनने तर आणखी हक्क विकून खाल्ले. लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले हक्क विकायचे नाहीत असा नियम पुढे आला, त्याला आजही स्टेपियनचंच नाव आहे. तरी २०१७ मध्ये पूर्व गटात अव्वल आलेल्या बॉस्टनलाच सोडतीत पहिला क्रमांक लागला, कारण ब्रुकलिनचा हक्क त्यांच्याकडे होता. शिधापत्रिका गरिबाच्या नावावर आणि गहू वाड्यावर.

मुद्दाम हरण्याचा रोग ड्राफ्टमधून येतो असं म्हणतात. माझ्या मते तो दरवाजा बंद असण्यातून येतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या विभागात जातात, पैसा आटतो, कर्मचारी जातात. एनबीएतून कुणी खाली जातच नाही. तीस मालक आहेत आणि ते तीसच राहतात, नवा आत घ्यायचा की नाही तेही तेच ठरवतात. फीनिक्सचा संघ काही वर्षांपूर्वी चार अब्ज डॉलरच्या हिशेबाने विकला गेला आणि २०२५ मध्ये लेकर्सचा व्यवहार दहा अब्जांच्या हिशेबाने ठरला. रणदिव्यांच्या गटाने किंग्ज घेतला तेव्हा त्याची किंमत ५३.४ कोटी डॉलर धरली होती. हरा, जिंका, किंमत वाढतच जाते. ज्याला हरण्याची झळ लागत नाही त्याला हरल्याबद्दल वर सांत्वन म्हणून देशातला सगळ्यात गुणी मुलगा द्यायचा, आणि त्याला समता म्हणायचं.

हे कायद्यात कसं बसतं? कुठल्याही इतर धंद्यात तीस कंपन्यांनी बसून ठरवलं असतं की नव्या पदवीधरांची वाटणी आपसात करू आणि एकमेकांच्या वाट्याला हात लावायचा नाही, तर अमेरिकेत त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी खटले झाले असते. झालेही. १९७८ मध्ये याझू स्मिथ या अमेरिकन फुटबॉलपटूच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने फुटबॉल लीगचा त्या वेळचा ड्राफ्ट या कायद्याचा भंग करतो असा निकाल दिला. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन त्याची कारकीर्द संपली होती. मोकळ्या बाजारात सौदा करता आला असता तर दुखापतीची हमी मागून घेतली असती, असं त्याचं म्हणणं. त्याआधी १९७१ मध्ये स्पेन्सर हेवुडने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, शाळा सुटल्यावर चार वर्षं थांबलंच पाहिजे हा एनबीएचा नियम मोडून काढला होता.

मग मालकांना वाट सापडली ती कामगार संघटनेतून. संघटनेशी वाटाघाट करून जे ठरतं त्याला मक्तेदारीविरोधी कायदा लागत नाही. १९८४ मध्ये फिलाडेल्फियाने लिऑन वुडला दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि पगाराच्या कमाल मर्यादेपायी एका वर्षाचे ७५ हजार डॉलर पुढे केले. वुड कोर्टात गेला. १९८७ मध्ये निकाल लागला: ड्राफ्ट आणि पगारमर्यादा संघटनेच्या करारात आहेत, आणि कुठल्याही कारखान्यात नव्याने लागणारा कामगार जुना करार मान्य करूनच आत येतो. वुड हरला. हा माणूस पुढे एनबीएतच पंच झाला आणि वर्षानुवर्षं त्याच मैदानांवर शिट्टी वाजवत राहिला.

निकालाचं तर्कशास्त्र बिनतोड आहे. फक्त एक गोष्ट त्यात मावत नाही. करार करताना टेबलावर मालक असतात आणि आत आलेले खेळाडू असतात. ज्याच्या वाटणीचा निर्णय होतोय तो तेव्हा शाळेत असतो. आणि जुन्या खेळाडूंचं हित त्याच्या हिताच्या उलट असतं. लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. हा वाटा ठरलेला असल्यामुळे नवख्याला एक डॉलर कमी दिला तर तो मालकाच्या खिशात जात नाही, जुन्या खेळाडूच्या खिशात जातो. १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ग्लेन रॉबिन्सनने एकही सामना न खेळता दहा वर्षांचा ६.८ कोटी डॉलरचा करार मिळवला, तेव्हा मालकांइतकेच जुने खेळाडूही चरफडले. पुढच्याच वर्षी नवख्यांच्या पगाराचा तक्ता आला. आपल्याकडे शिक्षणसेवकाची योजना आली तेव्हा कायम शिक्षकांच्या खोलीत किती खळबळ झाली होती? आत शिरलेल्याला दाराबाहेरच्याचं दुःख समजतं, पण त्यासाठी तो संप करत नाही.

इथे वाचक म्हणेल, कोट्यधीशांसाठी कसले अश्रू ढाळता. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या व्हिक्टर वेम्बन्यामाला पहिल्या चार वर्षांचे साडेपाच कोटी डॉलर मिळतात, त्याच्यावर अन्याय होतो म्हणजे काय? आक्षेप रास्त आहे. पण एक तर मोठा पगार देऊन मालक निवडण्याचा हक्क विकत घेता येतो, हे मला मान्य नाही. दुसरं, सगळे वेम्बन्यामा नसतात. महिलांच्या लीगमध्येही हाच ड्राफ्ट आहे. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. तिच्यामुळे स्टेडियमं भरली, आणि तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार होता ७६,५३५ डॉलर. आणि पुरुषांच्या दुसऱ्या फेरीकडे बघा. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फुटांहून उंच सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू, आपल्याकडे मोठी बातमी झाली. त्याच्यावर हक्क आला डॅलसचा. करार मात्र हक्काबरोबर येत नाही. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला पगाराची हमीच नसते. तो डॅलसच्या दुय्यम संघाकडून खेळला आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. मोकळा असता तर खेळला असता, असा माझा दावा नाही. आपल्याला कुठे गरज आहे ते त्याने स्वतः शोधलं असतं, इतकंच.

आणि हे मी हवेत बोलत नाही, कारण दुसऱ्या फेरीच्या शेपटाकडे एजंटच संघांना विनवतात की आमच्या खेळाडूचं नाव घेऊ नका. नाव पुकारलं गेलं नाही की खेळाडू मोकळा होतो आणि वाटेल त्या संघाशी बोलू शकतो. फ्रेड व्हॅनव्हलीट २०१६ मध्ये न निवडला जाता टोरंटोला गेला आणि २०१९ मध्ये त्यांच्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. २०२१ मध्ये ऑस्टिन रीव्ह्ज असाच मोकळा राहून लेकर्सकडे गेला. ज्या समारंभात नाव पुकारलं जावं म्हणून मुलं आयुष्य वेचतात, त्यातच ठरावीक क्रमांकानंतर नाव न पुकारलं जाणं फायद्याचं ठरतं, हे त्या पद्धतीबद्दल पुरेसं बोलकं आहे.

विरोधक रीव्ह्जचंच नाव पकडतील. बघा, सोडलं की सगळे लॉस एंजेलिसला पळणार. काही पळतील. पण व्हॅनव्हलीट पळाला नाही, कारण संघात पंधरा जागा असतात, मैदानावर पाच, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला सगळ्यात जास्त हवं असतं ते खेळायला मिळणं. शिवाय संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहेच. ती ठेवावी, आणि तिच्या आत नवख्यांसाठी वेगळा निधी करावा. गेल्या तीन हंगामांच्या सरासरीने जो संघ खाली, त्याच्याकडे जास्त पैसा, जो वर त्याच्याकडे कमी. एका वर्षाच्या पडझडीचा फायदा नाही म्हणजे एप्रिलमध्ये तारे बाकावर बसवायचं कारण उरत नाही. डॅलसने २०२३ मध्ये तेच केलं आणि साडेसात लाख डॉलर दंड भरला. दंड भरूनही त्यांचा हक्क वाचला, म्हणजे सौदा फायद्याचाच. माझ्या योजनेत युटाकडे देण्यासारखे तीन कोटी असतील आणि लेकर्सकडे पन्नास लाख. मुलगा तरीही लेकर्सला गेला तर त्याने ते पैसे देऊन निवडलेलं असेल. दुबळ्याला मदत करायची तर मालकांनी एकमेकांना पैशाने करावी, तिसऱ्याच्या आयुष्याने नाही.

कुणाला हे फार वाटेल, तर अमेरिकेतल्याच महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, एनडब्ल्यूएसएलने, २०२४ च्या करारात ड्राफ्ट सरळ रद्द केला. खेळाडू आपला क्लब स्वतः निवडतात. संघटनेने ते मागितलं आणि मालकांनी दिलं, कारण जगभरचे क्लब त्याच मुलींना करार देत होते आणि ड्राफ्टमुळे त्या परदेशी जाण्याची भीती होती. एनबीएला असा प्रतिस्पर्धी नाही. १९८९ मध्ये डॅनी फेरी लॉस एंजेलिस क्लिपर्सना नाकारून इटलीत खेळायला गेला, १९९९ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिसने व्हँकुव्हरला जायचं नाकारलं आणि बदली करवून घेतली. दोघांनाही लोकांनी हट्टी, नखरेल ठरवलं. नोकरी नाकारणाऱ्याला असं कधी म्हणतात का आपण? २०२५ मध्ये एस बेली नावाच्या मुलाने संघांच्या बोलावण्यावर चाचणीला जायचंच टाळलं, आपल्याला कुठे जायचं ते जमेल तेवढं आपणच ठरवावं म्हणून. पाचव्या क्रमांकावर युटाने तरीही त्याचं नाव घेतलं. चोवीस तास बातम्यांमध्ये त्याच्या स्वभावाची चिरफाड झाली.

अमेरिकेत शाळेतले चांगले खेळाडू कॉलेज निवडतात तेव्हा एक छोटा समारंभ होतो. टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या असतात, आईवडील बाजूला बसलेले असतात, मुलगा हात पुढे करतो, एका टोपीवरून मागे घेतो, दुसरी उचलतो आणि स्वतःच्या डोक्यावर घालतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कनेक्टिकट आणि ड्यूक यांतून ड्यूक निवडलं तेव्हा कूपर फ्लॅग सोळा वर्षांचा होता. २०२५ च्या जूनमध्ये ब्रुकलिनला त्याचं नाव पुकारलं गेलं. टेबल नव्हतं. कुणीतरी डॅलसची टोपी आणून दिली, त्याने ती घातली आणि लीगच्या आयुक्तांशी हात मिळवायला मंचावर गेला.